शिष्यवृत्ति आणि वाटेची सोबत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिघी येथें भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत मीं सांगावा, अशी आपणांपैकीं पुष्कळांची अपेक्षा असेल. परंतु तो वृत्तांत आपल्या वडीलधाऱ्यांनीं परिश्रमपूर्वक लिहून काढिला आहे व तो स्मरणिकेंत छापून यावयाचा आहे. तेव्हां त्याचीच पुनरुक्ति करून मी आपला वेळ घेणार नाहीं. मी आज दूरच्या माणसांविषयीं बोलणार आहें. युद्धामुळें अगर छळामुळें ज्या स्त्रियांना आपला देश सोडावा लागला, परंतु ज्यांची शिकण्याची इच्छा अद्याप सुटलेली नाहीं, अशा निर्वासित स्त्रियांना परदेशांतील विद्यापीठांतून उच्च शिक्षण घेतां यावें म्हणून शिष्यवृत्त्या दिल्या जातात. या शिष्यवृत्त्यांनीं काय साधतें, काय साधत नाहीं, आणि जें साधत नाहीं तेथें आपल्यासारख्या खाडीकांठच्या लहान मंडळीला कांहीं हातभार लावितां येईल कीं काय, एवढाच माझा विषय आहे. महोत्सवाच्या निधीचा विनियोग कसा करावा हें आपण येत्या रविवारीं ठरविणार आहों. त्यापूर्वीं हे चार शब्द आपल्या कानांवर घालावे असें मला वाटलें.

आपणांपैकीं कोणी म्हणेल, 'फादर, दिघीचा आणि निर्वासितांचा संबंध तो काय?' त्यांस मी एवढेंच सांगेन कीं, धक्क्यावर जाऊन समोर पाहावें. पुढें राजपुरीची खाडी, पलीकडे आगरदांडा, आणि खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा तट. ज्या सिद्दी लोकांनीं तो किल्ला शतकानुशतकें राखिला, त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले. थोडें उत्तरेस अलिबागजवळ नवगांव आहे. तेथें फार प्राचीन काळीं एक गलबत फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. पुढें त्यांच्या वंशजांनीं तेलाचे घाणे चालविले, शनिवारीं काम बंद ठेविलें, आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांनीं त्यांना 'शनवार तेली' हें नांव दिलें. त्यांचा शब्बाथ कोणी मोडला नाहीं आणि त्यांचा घाणा कोणी बंद पाडिला नाहीं. समुद्रानें आणून टाकिलेल्या माणसाला पाय टेकण्यापुरती जागा देणें ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे. परंतु पाय टेकण्यापुरती जागा मिळाली म्हणजे सर्व कांहीं मिळालें असें नव्हे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं घडलेली एक साधी गोष्ट सांगतों. आगरदांड्याहून शेवटच्या फेरीनें एक बाई आपल्या दोन मुलांसह दिघीच्या धक्क्यावर उतरली. तिला बोर्लीपंचतनाच्या पुढें एका वाडीवर जावयाचें होतें. फेरीला उशीर झाला होता आणि शेवटची एस. टी. निघून गेली होती. तिकिटाचे पैसे तिनें चोख भरले होते. फेरीवाल्यानेंही तिला सुखरूप पार उतरविलें होतें. कोणाकडेच दोष नव्हता. तरी ती बाई अंधारांत, पावसांत, दोन पोरांना पोटाशीं धरून उभी होती. आपल्यापैकींच एका कोळी गृहस्थांनीं तिला घरीं नेलें, जेवूं घातलें आणि सकाळीं गाडींत बसवून दिलें. मला त्या रात्रीं असें वाटलें कीं, शिष्यवृत्तीचें तेंच आहे. ती पाण्यावरून पार नेते. परंतु पाण्याच्या अलीकडे आणि पलीकडे जी वाट असते, तिचें काय?

प्रथम शिष्यवृत्त्यांची हकीकत थोडक्यांत सांगतों. इ. स. १९५१ मध्यें निर्वासितांच्या संरक्षणासाठीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या बाविसाव्या कलमांत शिक्षणाचा विषय आहे. प्राथमिक शिक्षण निर्वासितांना देशांतील नागरिकांप्रमाणेंच मिळावें, असें तेथें म्हटलें आहे. त्यापुढील शिक्षणाच्या बाबतींत परदेशी प्रमाणपत्रांना मान्यता, फीची माफी आणि शिष्यवृत्ति या तिन्ही गोष्टींत शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यावी, असें सांगितलें आहे. शब्द चांगले आहेत. तथापि 'शक्य तितकी' या दोन शब्दांत पुष्कळ मुलींचें आयुष्य अडकून पडलें आहे. आपल्या देशानें या करारावर सही केलेली नाहीं. आपल्याकडे निर्वासितांना जें मिळत आलें तें सरकारच्या वेळोवेळच्या निर्णयानें व लोकांच्या माणुसकीनें. १९९२ सालीं जर्मन सरकारच्या साह्यानें संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयानें आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नांवानें शिष्यवृत्त्या सुरू केल्या. आइन्स्टाइन हे स्वतः निर्वासितच होते. त्या शिष्यवृत्त्यांचा लाभ आजवर वीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं घेतला आहे. तरी एकंदर चित्र काय आहे? कांहीं वर्षांपूर्वीं निर्वासित तरुणतरुणींपैकीं शंभरांत एकच विद्यापीठापर्यंत पोहोंचत असे. २०२३ च्या सुमारास हें प्रमाण शंभरांत सहा-सातपर्यंत आलें, आणि २०३० पर्यंत तें पंधरावर न्यावें असा संकल्प आहे. जगांतील इतर तरुणांत हेंच प्रमाण शंभरांत चाळिसांच्या घरांत आहे. आणि जेथें घरांत एकालाच शिकविण्याची ऐपत असते, तेथें तो एक बहुधा मुलगा असतो, हें मीं आपणांस सांगावयास नको.

आतां महाराष्ट्रांतील एक गोष्ट ऐका. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० व १९४१ या सालीं, पूर्व पोलंडमधील लक्षावधि लोकांना रशियन सरकारनें सैबेरिया व कझाकस्तान येथें हांकून नेलें. १९४१ च्या जुलैंत पोलंडच्या व रशियाच्या सरकारांत करार होऊन त्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यांत गेले, आणि स्त्रिया व मुलें इराणमार्गें बाहेर पडलीं. त्यांपैकीं सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक स्त्रिया व मुलेंच, कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणींत १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिलीं. तेथें त्यांचें देऊळ होतें, दवाखाना होता, नाटकगृह होतें. परंतु मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची शाळा. बालवर्गापासून विद्यापीठाच्या उंबरठ्यापर्यंतचें शिक्षण तेथें पोलिश भाषेंत मिळत असे. शिकविणाऱ्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. ज्यांचें घर गेलें, ज्यांचे पति रणांगणावर, त्या बायांनीं पंचगंगेच्या खोऱ्यांतील उन्हांत फळ्यावर भूमिति काढून दाखविली. कां? तर उद्यां कोठें जावें लागेल तें ठाऊक नाहीं, पण जेथें जाऊं तेथें मुलींच्या हातांत एक प्रमाणपत्र असावें, म्हणून.

आणि तें प्रमाणपत्र उपयोगी पडलें. छावणी मोडल्यावर त्यांच्यापैकीं पुष्कळ लोक इंग्लंडांत गेले. तेथें १९४७ सालच्या पोलिश पुनर्वसनाच्या कायद्यान्वयें पोलिश लोकांच्या शिक्षणासाठीं एक खास समिति नेमली गेली होती. ती १९५४ पर्यंत चालली, आणि विद्यापीठांत जाणाऱ्या पोलिश तरुणतरुणींना तिनें साह्य दिलें. पाहा, दोन्ही टोकें कशीं जुळलीं! अलीकडच्या कांठावर वळिवड्याची शाळा होती, पलीकडच्या कांठावर समिति होती. म्हणून मधली शिष्यवृत्ति वायां गेली नाहीं. आज वळिवडे-कोल्हापूरचें नांव वॉर्सा शहरांत एका स्मारकावर कोरलेलें आहे. कोल्हापूरच्या लोकांनीं त्या वेळीं स्मारकासाठीं कांहीं केलें नव्हतें. त्यांनीं भाजी विकली, दूध घातलें, शेजार दिला.

जेथें हीं टोकें जुळत नाहींत तेथें काय होतें, याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्याशीं संबंधित आहे. आनंदीबाई जोशी या निर्वासित नव्हत्या, ही गोष्ट मी आधींच कबूल करतों. परंतु परदेशीं शिकावयास गेलेल्या मराठी स्त्रीची गोष्ट सांगावयाची तर त्यांच्यापासूनच आरंभ करावा लागतो. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस असत व कांहीं काळ तें कुटुंब अलिबागेस होतें. गोपाळरावांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. साह्य हवें असेल तर ख्रिस्ती व्हावें, असें त्या गृहस्थानें सुचविलें आणि तो पत्रव्यवहार मासिकांत छापिला. न्यू जर्सीमधील कार्पेंटरबाईंनीं तें मासिक दंतवैद्याच्या दिवाणखान्यांत बसल्या असतां सहज वाचिलें, आणि धर्माची कोणतीही अट न घालतां त्या मुलीला त्यांनीं आपल्या घरीं बोलाविलें. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. फी सुटली होती, जागा मिळाली होती, लौकिक झाला होता. परंतु थंडी, परक्या मुलखांतील आहार आणि धड न पेटणाऱ्या शेगडीची खोली, यांनीं प्रकृति खंगत गेली. क्षयानें घेरलें, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचें बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें तोंच, पुण्यास त्यांचा अंत झाला. शिष्यवृत्तीच्या कागदावर खोलीच्या उबेचा रकाना नसतो. तो रकाना कोणीतरी माणसानें भरावयाचा असतो.

या गोष्टींतून आम्हां ख्रिस्ती लोकांनीं आणखी एक धडा घ्यावयास हवा, आणि तो मी आडपडदा न ठेवतां सांगतों. एका ख्रिस्ती गृहस्थानें मदतीची किंमत सांगितली. दुसऱ्या ख्रिस्ती बाईनें किंमत न सांगतां दार उघडलें. आनंदीबाई आपल्या धर्मांत गेल्या आणि आपल्याच धर्मांत परत आल्या. कार्पेंटरबाईंना 'मावशी' म्हणण्यास त्यांना कांहीं अडचण पडली नाहीं. आपण जें कांहीं करूं तें त्या बाईंच्या रीतीनें करूं. पहिल्या गृहस्थाच्या रीतीनें नव्हे.

कागदांची अडचण ही आणखी निराळी आहे. आपल्या राज्याच्या अगदीं पूर्वेस, गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत नोरग्येलिंग नांवाची तिबेटी लोकांची वसाहत १९७२ पासून आहे. थंडींत आपल्या शहरांतून स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाया आपण पाहिल्या असतील. भारतांत व नेपाळांत राहणाऱ्या तिबेटी निर्वासितांसाठीं अमेरिकन सरकारच्या पैशानें १९८८ पासून उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या चालत आल्या. शिकून आपल्या समाजाची सेवा करावी, हा त्यांमागील हेतु. परंतु तिबेटी मुलीजवळ पासपोर्ट नसतो. भारत सरकारनें दिलेलें पिवळ्या पुठ्ठ्याचें ओळखपुस्तक असतें. परदेशांतील विमानतळावर पुष्कळदां कारकुनाला तें पुस्तक काय आहे हेंच ठाऊक नसतें. हुशारींत पहिली आलेली मुलगी त्या खिडकीपाशीं रांगेंतून बाजूला काढली जाते. तिला त्या वेळीं पैसे नको असतात. 'हें पुस्तक खरें आहे, मी हिला ओळखतों' असें म्हणणारा कोणी हवा असतो.

आतां अगदीं अलीकडच्या काळाकडे वळतों. पुण्याच्या महाविद्यालयांतून अफगाण विद्यार्थी पुष्कळ वर्षांपासून शिकत आले आहेत. कांहीं स्वखर्चानें, कांहीं आपल्या सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूल तालिबानच्या हातीं गेलें. त्याच महिन्याच्या २५ तारखेस, जे अफगाण नागरिक त्या वेळीं भारताबाहेर होते त्यांचे पूर्वीचे व्हिसा रद्द झाले. साथीच्या दिवसांत घरीं गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. २० डिसेंबर २०२२ रोजीं अफगाणिस्तानांतील विद्यापीठांचीं दारें स्त्रियांना बंद झालीं, आणि १९२४ च्या नव्हे, २०२४ च्या डिसेंबरांत, सुइणीचें व परिचारिकेचें शिक्षण देणाऱ्या संस्थांचींही बंद झालीं. ज्या देशांत बाळंतपणांत अनेक बाया मरतात, त्या देशांत सुईण होणें वर्ज्य झालें! ज्या मुली त्या वेळीं पुण्यांत होत्या, त्यांची स्थिति चमत्कारिक झाली. त्यांच्या कागदांवर 'निर्वासित' असा शब्द नाहीं. त्या विद्यार्थिनी म्हणून आल्या. शिक्षण संपलें कीं राहण्याची मुदत संपते. आणि परत जावें तर तेथें पदवीचा कागद चुलींत घालावा लागेल. तेव्हां पुढें कोठें तरी, तिसऱ्या देशांत, शिष्यवृत्ति मिळवून जाणें, हीच एक वाट उरते.

अशा एका मुलीचा आणि माझा संबंध आला, तो माझ्या लाजेचा प्रसंग आहे. पुण्यास शिकविणाऱ्या एका धर्मभगिनींनीं कांहीं वर्षांपूर्वीं मला एक जाड लिफाफा पाठविला. त्यांत या मुलीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती होत्या. युरोपांतील एका विद्यापीठानें तिला घेतलें होतें, सर्व फी माफ होती, राहण्याचा खर्चही ठरला होता. अडलें होतें तें एवढ्याचसाठीं: दरी भाषेंतील शाळेच्या दाखल्यांचें शपथेवर केलेलें भाषांतर आणि इंग्रजीच्या परीक्षेची राहिलेली फी, मिळून अकरा हजार रुपये. मुदत पंधरा दिवसांची होती. आमच्याकडे त्या वेळीं सणाची नोव्हेना चालू होती. पत्र आलें तें मीं पाहिलें, 'सण झाल्यावर वाचूं' असें म्हटलें, आणि मेजाच्या खणांत ठेविलें. त्याच दिवसांत सभागृहाच्या फरशीच्या रंगाविषयीं मीं तीन बैठका घेतल्या. नऊ दिवसांनीं लिफाफा उघडला. पैसे त्याच दिवशीं पाठविले. परंतु भाषांतराला लागावयाचे दिवस लागलेच, परीक्षेची तारीख निघून गेली, आणि विद्यापीठानें ती जागा दुसऱ्यास दिली. ज्यास दिली त्याचाही हक्क असेल. दोष विद्यापीठाचा नव्हे. तिचें एक वर्ष माझ्या खणांत गेलें.

तिनें मला पत्र लिहिलें, त्यांत तक्रारीचा एक शब्द नव्हता. पैसे वायां गेले नाहींत, भाषांतर पुढच्या वर्षीं कामास येईल, असें तिनें लिहिलें होतें. पुढच्या वर्षीं तिनें पुन्हां अर्ज केला. जागा मिळाली, पण पूर्ण शिष्यवृत्ति नाहीं. जर्मनीसारख्या देशांत शिष्यवृत्ति नसेल तर वर्षाच्या खर्चापोटीं सुमारें बारा हजार युरो आधीं बँकेंत ठेवून दाखवावे लागतात. तेवढी रक्कम ती कोठून दाखविणार? ती अजून पुण्यांतच आहे, शिकवण्या करिते, आणि पुन्हां अर्ज भरते आहे. सेमिनरींत आम्हांस नीतिशास्त्राचे आचार्य सांगत कीं, करावयाचें चांगलें न करणें हेंही पाप आहे. मीं तें वाक्य परीक्षेंत अचूक लिहिलें होतें.

बंधुभगिनींनो, यावरून माझ्या मनानें जें घेतलें तें असें. मोठी शिष्यवृत्ति देणें हें मोठ्या विद्यापीठांचें, सरकारांचें व संस्थांचें काम आहे. तें दिघीच्या आवांक्यांतलें नाहीं. परंतु मोठी शिष्यवृत्ति बहुधा मोठ्या रकमेसाठीं अडत नाहीं. ती भाषांतरासाठीं अडते, परीक्षेच्या फीसाठीं अडते, देश सोडण्याच्या परवानगीसाठीं घालाव्या लागणाऱ्या खेपांसाठीं अडते, पहिल्या महिन्याच्या भाड्यासाठीं अडते. आणि मुलगी एकटी असते, म्हणून अडते. हा अडथळा लहान असतो. परंतु त्याला वेळेवर हात लावणारा कोणी नसेल तर त्यापुढें लाखांची शिष्यवृत्ति व्यर्थ होते.

हें लहान माणसांनीं करून दाखविलेलें आहे. कॅनडांतील विद्यापीठांत १९७८ पासून एक उपक्रम चालू आहे. 'वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडा' ही संस्था तो चालविते. तेथें पुष्कळ विद्यापीठांतून विद्यार्थी आपल्या फीबरोबर थोडी थोडी वर्गणी स्वतःहून देतात. त्या वर्गणीवर दरवर्षीं निर्वासित तरुणतरुणी आणल्या जातात. त्या तात्पुरत्या परवान्यावर येत नाहींत, तर देशांत कायम राहण्याच्या हक्कानें येतात. त्यामुळें शिक्षण संपलें कीं पुन्हां बेघर होण्याची भीति नसते. आणि प्रत्येक विद्यापीठांत विद्यार्थ्यांची एक स्थानिक समिति असते. नव्या विद्यार्थ्याला विमानतळावर घ्यावयास जाणें, थंडीचे कपडे घेऊन देणें, बँकेंत खातें काढून देणें, हीं कामें ती करिते. दोन हजारांहून अधिक तरुणतरुणी या मार्गानें शिकल्या. आपल्या शेजारच्या बांगलादेशांत चितगांव येथें २००८ मध्यें आशियाई स्त्रियांचें एक विद्यापीठ सुरू झालें. काबूल पडलें तेव्हां त्या विद्यापीठाच्या १४८ अफगाण विद्यार्थिनी व माजी विद्यार्थिनी बसगाड्यांतून विमानतळाच्या दाराशीं पुन्हां पुन्हां गेल्या व परत फिरविल्या गेल्या. शेवटीं त्या बाहेर पडल्या व अमेरिकेंत पोहोंचल्या. त्यांच्यापाशीं पैसे नव्हते. परंतु त्यांच्यासाठीं रात्रंदिवस दूरध्वनीवर बसणारीं माणसें होतीं. पुढें अमेरिकेंतील विद्यापीठांनीं त्यांना सामावून घेतलें.

यावर दोन आक्षेप येतील. ते योग्य आहेत, म्हणून त्यांचें उत्तर देतों.

पहिला आक्षेप असा कीं, आधीं आपल्या मुली. दिघींतील मुलीला बारावीनंतर शिकावयाचें तर श्रीवर्धन, माणगांव अगर अलिबाग गांठावें लागतें. पावसाळ्यांत गाडी चुकली कीं दिवस गेला. बाप मासेमारीला जातो, आई मासळी विकते. शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरावयाचे, ते कोण भरणार? आपल्या पोरी घरीं बसल्या असतां परदेशांतल्या मुलींची चिंता कां? हा आक्षेप करणाऱ्यांस मी नमस्कार करतों, कारण त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु पाहा, दोघींची अडचण एकच आहे. अर्ज, दाखला, मुदत, प्रवास आणि सोबत! जें मेज आपण एकीसाठीं मांडूं, त्याच मेजावर दुसरीचें काम होईल. अफगाण मुलीचा लिफाफा वेळेवर उघडण्याची संवय ज्या मंडळीला लागेल, ती आपल्या कोळीवाड्यांतील मुलीचा अर्जही मुदतीपूर्वीं भरील. प्रेम हें खाडीच्या पाण्यासारखें आहे. भरती आली कीं ती एकाच कांठाला येत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, शिकून त्या परदेशींच राहतील. आपल्या देशाला किंवा त्यांच्या देशाला उपयोग काय? कांहीं राहतील, हें खरें. वळिवड्याच्या मुलीही कोल्हापुरास परत आल्या नाहींत. परंतु त्यांनीं आपल्या मुलांना कोल्हापूर हें नांव सांगितलें, आणि त्यांचीं मुलें व नातवंडें अजून तेथील कबरी पाहावयास येतात. आणि ज्या देशानें आपल्या सुइणींना शिकूं दिलें नाहीं, त्या देशाचें दार एक दिवस उघडेल, तेव्हां आंत जावयास शिकलेल्या सुइणी कोठें तरी असावयास हव्यात. बियाणें दुसऱ्याच्या कणगींत ठेविलें तरी तें बियाणेंच असतें.

आतां माझी विनंति. महोत्सवाच्या निधींतून घंटाघराची दुरुस्ति व्हावी, हें ठीकच आहे. घंटा मलाही प्रिय आहे. परंतु निधीचा दहावा हिस्सा निराळा काढून ठेवावा, आणि त्यांतून अशा लहान अडथळ्यांसाठींच खर्च व्हावा. तो खर्च पाहावयास तिघांची समिति असावी; तींत निदान दोन स्त्रिया असाव्या, व त्यांपैकीं एक शिक्षिका असावी. पत्र आल्यापासून तीन दिवसांच्या आंत तें उघडून उत्तर गेलेंच पाहिजे, असा नियम करावा. हा नियम माझ्यासाठीं आहे, हें सांगावयास नको. आपण स्वतः निर्वासितांची निवड करूं नये. तें काम जाणत्या संस्थांचें. फादर पेद्रो आरूपे यांनीं १९८० सालीं स्थापिलेली येशूसंघाची निर्वासित-सेवा आहे, पुण्यांत शिकविणाऱ्या धर्मभगिनी आहेत. त्यांच्यामार्फत जें नांव येईल त्याचा अडथळा आपण दूर करावा. मुलीचा धर्म विचारूं नये. तिचें छायाचित्र आपल्या स्मरणिकेंत छापूं नये; ज्या मुलीचे आईबाप अजून काबुलांत आहेत, तिच्या चित्रानें आपली शोभा होईल आणि त्यांच्या जिवावर बेतेल. आणि ज्या मुलीचें काम झालें, तिच्याकडून कृतज्ञतेच्या पत्राची अपेक्षा करूं नये. आलें तर आनंदानें वाचावें.

आपण दरवर्षीं नाताळाच्या दिवसांत गव्हाणी करितों, आणि ती काढून ठेविल्यावर पुढील गोष्ट विसरून जातों. योसेफ रात्रीं उठला, मातेला व बालकाला घेऊन मिसर देशांत गेला. त्यांच्यापाशीं कोणताही कागद नव्हता. मिसरांत त्यांना कोणी घर दिलें, कोणी योसेफाला सुतारकाम दिलें, तें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. तीं माणसें कोण होतीं तें आपणांस कधींच कळणार नाहीं. परंतु तीं होतीं, एवढें मात्र निश्चित.

त्या पावसाळी रात्रीं धक्क्यावरच्या बाईला घरीं नेणारे गृहस्थ आज या सभेंत बसले आहेत. त्यांचें नांव घेतलेलें त्यांना आवडणार नाहीं, म्हणून घेत नाहीं. त्यांनीं त्या बाईला ती कोण, कोणत्या जातीची, कोणत्या गांवची, हें जेवण झाल्यावरच विचारिलें. येत्या रविवारीं निधीचा विचार करावयास आपण बसूं, तेव्हां शेवटची फेरी लागली आहे आणि गाडी निघून गेली आहे, एवढें आपण ध्यानांत ठेवावें, हीच माझी विनंति.